थरथर, गचका आणि धडधड

आक्काच्या पाठीच्या मणक्याला गेल्या श्रावणात चीर गेली. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पाय घसरल्याचे निमित्त झाले आणि ऐंशीच्या घरात असलेली माझी ही थोरली बहीण दीड महिना अंथरुणाला खिळली. पुढे कमरेला पट्टा बांधून ती चार पावले टाकू लागली, तेव्हा दर तीन आठवड्यांनी तिला कोल्हापूरला डॉक्टरांकडे नेऊन आणण्याचे काम माझ्याकडे आले. बेळगावहून कोल्हापूर सुमारे ११० किलोमीटर. रस्ता रुंद, वाहन घरचे; तेव्हा चिंता करण्याजोगे त्यात काही नाही, अशी माझी समजूत होती. पहिल्याच खेपेला, घरापासून जेमतेम कोसभर अंतरावर, टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाशी आम्ही गाडी जाण्याची वाट पाहत उभे होतो. आक्काने पुढच्या आसनाची कड घट्ट धरून डोळे मिटले होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "बाळ, मोटार चालते तेव्हा मी बरी असते रे. उभी राहिली की पाठीत सुया टोचल्यासारखं होतं."

निदानाचा निम्मा भाग या वाक्यात होता. परंतु ते मला कळावयास आणखी दीड महिना जावा लागला.

या सदरात मी मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे, याचे नेहमीच्या वाचकांना नवल वाटेल. मराठी घेऊन एम. ए. झालेला, सरकारी शाळेत खडू झिजवीत मुख्याध्यापकपदापर्यंत पोहोचलेला मनुष्य मी. पाना आणि पक्कड यांतला भेद ओळखण्यापलीकडे माझी यंत्रविद्या आजवर गेली नव्हती. मोटार मात्र आमच्या घरी वीस वर्षे आहे. छोटी, पेट्रोलवर चालणारी, तीन सिलिंडरांची. वयाच्या मानाने ती निरोगी होती. मे महिन्यात आक्काचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, ती घेऊन चोर्ला घाटाने दोन दिवस गोव्याला जाऊन आला, आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आतच तिला थरथर सुटल्याचे माझ्या ध्यानात आले. उभ्या गाडीत सुकाणूचे चक्र हातात किणकिणे, मागचे पाहण्याचा आरसा असा हले की त्यात मागच्या स्कूटरच्या दोन स्कूटरी दिसत. वातानुकूलन सुरू केले तर विचारूच नये.

मग मी एक अन्याय केला. जेवणाच्या पानावर, आक्कादेखत, भाच्याला मी म्हणालो, "घाटात अर्धा क्लच धरून गाडी चढवलीस, त्याचं हे फळ." तो काही बोलला नाही. पुढल्या महिन्यात आईला भेटावयास आला तेव्हा किल्लीला त्याने हात लावला नाही. बाजारात जावयाचे झाले तर रिक्षा करी. आक्काचे कोल्हापूरचे ठरले तेव्हा त्याचा दूरध्वनी आला, "मामा, मी भाड्याची गाडी पाठवतो." शब्द आदराचेच होते, पण मला ते लागले. मी हट्टाने नाही म्हणालो आणि आपलीच मोटार काढली. रेल्वे फाटकाशी आक्काने डोळे मिटले, ते त्याच खेपेला.

त्यानंतर जे घडले ते पुष्कळांच्या बाबतीत घडते, म्हणून थोडक्यात सांगतो. एका गॅरेजात मी गाडी नेली आणि "व्हायब्रेशन येतंय" एवढेच सांगितले. त्यांनी चाकांचे बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून दिले. थरथर होती तशीच राहिली. पुन्हा गेलो तेव्हा बॉनेट उघडून, कान देऊन ऐकल्यासारखे करून तेथील प्रमुखाने निर्णय दिला, "इंजिन उतरवून उघडावे लागेल. ३५ हजार धरून चला." कोणतेही मापन नाही, कसलेही उपकरण लावलेले नाही. घरी येऊन मी एका वाहनदलालाशी बोललो. तो ४० हजारांना मोटार आहे तशी घ्यावयास तयार होता. ३५ हजार खर्चून ४० हजारांची वस्तू राखावयाची हा व्यवहार कोणत्याही अंकगणितात बसत नव्हता. मोटार विकावयाची, असे मी जवळजवळ ठरविले होते.

मध्येच एके सायंकाळी माझा एक जुना विद्यार्थी भेटला. पंचवीस वर्षांपूर्वी सातवीत माझ्या वर्गात होता. विभक्तिप्रत्ययांशी त्याचे कधी जमले नाही. आता उद्यमबागेच्या अंगाला त्याचे दोन गाड्या मावतील एवढे लहानसे गॅरेज आहे. मी माझी कहाणी सांगू लागलो तोच त्याने अडविले. "गुरुजी, व्हायब्रेशन राहू दे की. थरथरतीया, का गचकं देतीया, का धडधडतीया, ते सांगा."

मी क्षणभर निरुत्तर झालो. आयुष्यभर मुलांना नादानुकारी शब्द शिकविणाऱ्या माणसाला त्याच्या वर्गातल्या सर्वांत कच्च्या विद्यार्थ्याने नेमका शब्द मागितला होता. आपण चार इयत्ता इंग्रजी शिकलेली मंडळी सर्व प्रकारच्या हादऱ्यांना 'व्हायब्रेशन' म्हणून मोकळे होतो आणि मग मिस्त्रीने मनकवडे असावे अशी अपेक्षा धरतो. मराठीत यासाठी केवढी शब्दसंपत्ती आहे! थरथर ही बारीक, सलग, एकसारखी असते. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसविलेले असते ते निकामी झाले की ती अंगाला जाणवते. गचका सलग नसतो. गाडी ओढता ओढता मध्येच अडखळते, जणू कोणी मागून पदर ओढला, आणि त्याचे मूळ बहुधा ठिणगी किंवा इंधन खंडित होण्यात असते. धडधड जड असते. तिचे ठोके वेगवेगळे कळतात. खडखड ही सुटलेल्या पत्र्याची अथवा सायलेन्सरच्या नळीची, आणि तिचा इंजिनाच्या प्रकृतीशी काही संबंध नसतो. नळी ज्या रबरी कड्यांत लोंबते त्यातील एखादे तुटलेले असते, एवढेच. चाक पूर्ण वळविले असता होणारी कटकट ही पुढच्या अॅक्सलच्या बाहेरच्या सांध्याची. चढावर, वरच्या गिअरमध्ये, वेग कमी असताना ऐकू येणारी किणकिण म्हणजे इंजिनावर झेपेबाहेरचे ओझे. तेथे दुरुस्ती गाडीची नव्हे, गिअर खाली न घेणाऱ्या चालकाची करावयाची असते. आणि पहाटेच्या गारठ्यात सुरू केल्यावर मिनिटभर येऊन जाते ती हुडहुडी. ती म्हाताऱ्या इंजिनाला असावयाचीच.

"थरथर आणि धडधड, दोन्ही," मी म्हणालो. "उभी असताना. चालू लागली की कमी होते."

"मग चाकाचं काम नव्हंच हे," तो म्हणाला. "उभ्या गाडीची चाकं फिरतात व्हय?"

इतकी साधी गोष्ट! गॅरेजवाल्यांनी चाकांचे बॅलन्सिंग करून पैसे घेतले, आणि दोन पदव्या असलेल्या मला ते देताना हा प्रश्न सुचला नाही.

वाचकांच्या उपयोगासाठी हा भाग थोडा विस्ताराने मांडतो. मोटारीत फिरणाऱ्या वस्तूंची दोन कुटुंबे असतात. एक इंजिनाच्या गतीने फिरते, दुसरे रस्त्यावरील वेगाने. हादरा यांपैकी कोणत्या कुटुंबातला, हे प्रथम ठरवावे. गाडी सपाट जागी उभी करून, हातब्रेक लावून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून हळूहळू रेस द्यावी. हादरा उभ्या गाडीतही येत असेल, तर तो इंजिनाचा किंवा त्याच्या आधारांचा. चाके, टायर, अॅक्सल सर्व निर्दोष सुटले. उलट, उभ्या गाडीत काही नाही, परंतु ताशी ८० किलोमीटरच्या आसपास सुकाणू थरथरते आणि वेग बदलला की थांबते, तर चाकांकडे पाहावे. केवळ ब्रेक दाबताना थरथरत असेल तर ब्रेकची चकती वाकडी किंवा असमान झिजलेली. केवळ जोराने वेग घेताना अंगाला हेलकावा जाणवत असेल आणि पाय काढताच थांबत असेल, तर पुढची चाके फिरविणाऱ्या अॅक्सलचा आतला सांधा. केवळ उभ्या स्थितीतून निघताना, क्लच सोडताना थडथडत असेल तर क्लचची पट्टी, नाहीतर पुन्हा तेच रबरी आधार. काही जण वेगात असताना इंजिन बंद करून परीक्षा पाहतात. हे चुकूनही करू नये. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारे साहाय्य दोनचार दाबांतच संपते आणि किल्ली मागे फिरवली गेली तर सुकाणूला कुलूप बसते.

चाकांचा हिशेब आमच्या गणिताच्या शिक्षकांनी मला फळ्यावर मांडून दाखविला, तो मौजेचा आहे. आमच्या गाडीच्या लहान चाकाचा परीघ सुमारे १.६ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला १४ फेरे घेते. आता चाकाच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर एका बाजूला अवघे ३० ग्रॅम वजन अधिक असेल, तर त्या वेगाला ते साडेतीन किलोंच्या ओढीने चाकाला बाहेर खेचते, आणि तेही सेकंदाला १४ वेळा दिशा बदलून. कडेला ठोकलेले ते इवलेसे वजन निखळून पडले तर प्रौढ माणसाच्या हाताला मुंग्या का येतात, हे त्या दिवशी मला समजले.

परंतु आमचा रोग इंजिनाचा होता. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी गाडी घेऊन गेलो. विद्यार्थ्याने आधी मला स्टुलावर बसविले, चहा मागविला आणि मग इंजिन सुरू ठेवून नुसता उभा राहिला. पाच मिनिटे काही केले नाही. मला ते आवडले. मग मला विचारले, "वंटमुरीच्या घाटात ओढते का पहिल्यासारखी?" ओढत नव्हती. पूर्वी चौथ्या गिअरमध्ये चढणारी गाडी अलीकडे तिसऱ्यात घ्यावी लागे. मी ते म्हातारपणावर घातले होते. जसे आपण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्याही पुष्कळ दुखण्यांचे करतो.

इथे तीन सिलिंडरांच्या इंजिनाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली, तिचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे आणि तीन सिलिंडरांचे होते. २०१४मध्ये तिचे उत्पादन थांबले, तोवर या देशातील लाखो कुटुंबांना तीन सिलिंडरांची सवय होऊन गेली होती. आज नव्या लहान मोटारींतही तीन सिलिंडरांची इंजिने सर्रास येतात. अशा इंजिनात दट्ट्यांचे वरखाली होणे एकमेकांना तोलून धरते, तरी ते एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे डुलत राहते, पाळण्याच्या दोन बाजू आळीपाळीने वर व्हाव्यात तसे. चार सिलिंडरांच्या इंजिनाचा दोष निराळा. ते डुलत नाही, पण दर फेऱ्याला दोनदा बारीक कंप पावते. त्यावर उतारा म्हणून इंजिनातच उलटसुलट फिरणारे समतोल दांडे बसविण्याची कल्पना इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात मांडली होती. सांगावयाचे ते असे की, तीन सिलिंडरांच्या गाडीत उभे असताना थोडी थरथर जन्मजात असते. नवी गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी भांडावयास जाणाऱ्यांनी शेजारची तशीच गाडी आधी चालवून पाहावी. जन्मजात थरथर वाढत नाही. वाढते तो रोग.

आता धडधडीचे कारण. मोटारीच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा स्फोट होतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला ९०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५ फेरे झाले. प्रत्येक सिलिंडरचे साडेसात स्फोट, तिन्हींचे मिळून साडेबावीस. इतक्या जलद ठोक्यांची माणसाला गुणगुण जाणवते, ठोके सुटे कळत नाहीत. पूर्वी आमच्या गावी पोहे कांडताना एका उखळात तिघी जणी आळीपाळीने मुसळ घालीत. ताल असा बसे की ऐकणाऱ्याला एकच सलग नाद वाटावा. त्यांतली एक थांबली तर उखळ लंगडे वाजू लागे. तीन सिलिंडरांपैकी एक निजला की तसेच होते. साडेबावीस ठोक्यांची सलग ओळ तुटते आणि सेकंदाला साडेसात वेळा एक रिकामा खड्डा पडतो. हे सातआठ ठोके मात्र माणसाच्या हाडांना वेगवेगळे मोजता येतात. आक्काच्या पाठीला ते मोजता येत होते. गाडी वेग घेई तेव्हा खड्डे एकमेकांच्या जवळ येत, जड फिरत्या चक्रामुळे बुजून जात, आणि तिला बरे वाटे.

कोणता सिलिंडर निजला आहे, हे शोधण्याची रीत जुनी आणि साधी आहे. एकेकाला मुद्दाम बंद करून पाहावयाचे. जो चालू होता तो बंद केला की इंजिन कोलमडू लागते. जो आधीच बंद होता तो बंद केला तर काही फरक पडत नाही. पूर्वीचे मिस्त्री चालू इंजिनावरच प्लगची वायर उपटीत. तीत हजारो व्होल्टांचा दाब असतो. शिवाय न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या शुद्धीकरणयंत्रात जाऊन ते तापते. माझ्या विद्यार्थ्याने इंजिन बंद करून इंधनाच्या फवाऱ्याची जोडणी काढली आणि मग ते पुन्हा सुरू केले. पहिल्याची काढली, इंजिन आचके देऊन बंद पडले. दुसऱ्याची काढली, तेच. तिसऱ्याची काढली; धडधड होती तशीच, तसूभरही वाढली नाही की घटली नाही. तिसरा सिलिंडर जवळजवळ मेलेला होता, आणि गेले कित्येक महिने आम्ही दोन सिलिंडरांवर कोल्हापूरच्या वाऱ्या करीत होतो.

"म्हणजे इंजिन उघडावे लागणार," मी खिन्न होऊन म्हणालो.

"का म्हणून?" त्याने पेटीतून एक मापनयंत्र काढले. तिन्ही प्लग काढून, पाय पेट्रोलवर पुरता दाबावयास सांगून, त्याने एकेका सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजले. पहिल्यात ११, दुसऱ्यात ११, तिसऱ्यात साडेदहा किलो. आकडे एकमेकांच्या जवळ होते. तिसऱ्यात चारपाच किलोच भरले असते, तर चमचाभर तेल त्या सिलिंडरमध्ये सोडून पुन्हा मोजावयाचे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, न वाढला तर झडपा बसत नाहीत, असे समजावयाचे. म्हणजे उघडण्याचा निर्णयसुद्धा मोजून घ्यावयाचा असतो. इथे त्याची गरजच पडली नाही. सिलिंडर धडधाकट होता. त्याला ठिणगी मिळत नव्हती.

तिसरा प्लग पेट्रोलने ओला होता. निरोगी प्लगचे टोक भाजल्या विटेसारखे किंवा राखाडी दिसते. काजळी धरली असेल तर इंधन जादा, तेलकट असेल तर तेल वर येते, पांढरेफटक असेल तर उष्णता फार. ओला आणि पेट्रोलचा वास येणारा म्हणजे इंधन येते, पण पेटत नाही. आता दोष प्लगचा की त्याच्या वायरीचा? त्याने दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा प्लग आपसांत बदलले. तिसराच सिलिंडर मेलेला राहिला, प्लग निर्दोष. मग वायरी आपसांत बदलल्या. आता तिसरा जागा झाला आणि दुसरा मेला. रोग वायरीबरोबर चालत गेला! नव्या सामानावर एक रुपयाही न खर्चता आरोपी सापडला होता. संशय येईल ती वस्तू विकत आणून बसवीत सुटावयाचे, या आजच्या प्रचलित पद्धतीपुढे ही अदलाबदलीची युक्ती मला न्यायालयीन पुराव्यासारखी वाटली.

त्याने गॅरेजचे दार ओढून दिवा घालविला. अंधारात, त्या वायरीच्या एका वळणावर, निळसर ठिणगी इंजिनाच्या अंगावर टिक् टिक् उडत होती. प्लगपर्यंत पोहोचण्याऐवजी वाटेतच ती पळून जात होती.

नवी वायर बसविली. धडधड थांबली. मी खिशाकडे हात नेला, तर तो म्हणाला, "गडबड करू नका गुरुजी. थरथर राहिलीया अजून." खरेच, आरसा अजून कापत होता, आणि किल्ली बंद करताना इंजिन एकदा धप्पकन आपटत होते. माझ्यासारख्या उतावळ्या मनुष्याची इथेच फसगत होते. एका लक्षणाचे एक कारण सापडले की आपण शोध थांबवितो. इथे कारणे दोन होती.

इंजिन ज्या रबरांवर बसते त्यांना आमच्याकडचे मिस्त्री 'फौंडेशन' म्हणतात. त्याने भाच्याच्या वयाच्या आपल्या मदतनिसाला गाडीत बसवून ब्रेक आणि हातब्रेक दोन्ही दाबून धरावयास लावले, स्वतः बाजूला उभा राहिला, आणि पहिला गिअर टाकून क्लच किंचित सोडावयास सांगितले. ही परीक्षा पाहताना गाडीच्या समोर कधीही उभे राहू नये, आणि एकट्याने ती करू नये. निरोगी इंजिन बोटभर हलते. आमचे इंजिन एका अंगाने उठून वितभर कलंडले. मग तेलाच्या टाकीखाली लाकडी फळी देऊन जॅकने ते जरासे उचलले, तेव्हा त्या बाजूच्या आधाराचे लोखंड वर आले आणि रबर खालीच राहिले. दोघांची फारकत झालेली होती. इंजिनाचे ते अंग लोखंडावर लोखंड टेकून उभे होते. जन्मजात डुलणे, जे रबराने गिळावयाचे, ते सरळ गाडीच्या सांगाड्यात आणि तेथून आसनात जात होते.

रबराचा तो तुकडा त्याने माझ्या हातावर ठेवला. काळा, फुगलेला, बोटाने कुस्करता येईल इतका मऊ, आणि तेलाने थबथबलेला. "घाटात चढवल्यानं असं होत नाही," तो म्हणाला. इंजिनाच्या वरच्या झाकणाचे गॅस्केट पाझरत होते. तेथून तेलाचा एक ओघळ आधी त्या वायरीवरून आणि मग खाली या आधारावर उतरत होता. वायरीचे वेष्टण त्या तेलाने आणि उष्णतेने तडकले; खाली रबर कुजले. खनिज तेल आणि रबर यांचे वैर असते. हा पाझर मला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगच्या वेळी कोणीतरी दाखविला होता आणि "पुढच्या खेपेला बघू" असे मी म्हणालो होतो. अंगणातल्या फरशीवरचा तो काळा डाग पुसण्याचे काम मोलकरणीचे, अशी मी वाटणी करून टाकली होती.

झाकणाचे गॅस्केट, वायरींचा पूर्ण संच, एक आधार आणि मजुरी मिळून खर्च साडेचार हजारांच्या आत आला. उरलेले आधार त्याने तपासून, चांगले आहेत म्हणून तसेच ठेवले.

ज्यांच्या मोटारी नव्या आहेत त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, अलीकडच्या गाड्यांत वायरींऐवजी प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. अदलाबदलीची युक्ती तेथेही चालते. समोरच्या फलकावर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तर मिस्त्रीकडचे स्कॅनर सांकेतिक क्रमांक दाखविते. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर पेट घेत नाही, ०३०२ म्हणजे दुसरा. ०३०० असेल तर दोष एका जागी स्थिर नाही. तो दिवा उघडझाप करू लागला तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी. न जळलेले पेट्रोल त्या वेळी धुराड्यातल्या महागड्या यंत्राला जाळीत असते. परंतु कुजलेल्या रबराचा क्रमांक कोणतेही स्कॅनर देत नाही. त्यासाठी बॉनेट उघडून पाहणारा मनुष्यच लागतो.

त्या रात्री मी भाच्याला दूरध्वनी केला. रबर, वायर, पाझर, सारे सांगितले, आणि दोष माझा होता हेही. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मीही मे महिन्यात डिपस्टिक पाहिली होती. तेल कमी होतं. मी अर्धा लिटर भरलं, तुम्हांला सांगायचं राहून गेलं." पुढच्या रविवारी तो आला. जेवताना मी विषय काढणार तोच आक्का म्हणाली, "आमटी वाढ रे त्याला."

परवाच्या खेपेला गाडी भाच्याने चालविली. निपाणी ओलांडून कोगनोळीच्या टोलनाक्यावर आलो तर मोठी रांग. दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून आम्ही उभे होतो. मी सारखा आरशाकडे पाहत होतो. मागच्या ट्रकचा क्रमांक त्यात स्वच्छ, उलटा, अक्षर न् अक्षर वाचता येत होता. मी वळून आक्काला विचारले, "पाठ कशी आहे?" तिने थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा गुडघ्यावर तसाच ठेवला होता.

"पाठ बरी आहे," ती म्हणाली. "ते गार वारं तेवढं कमी कर."